शेजारी बसणाऱ्याचेही शिक्षण

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, ऊन जरा उतरल्यावर, जूनच्या अखेरीस उघडतात. वर्धा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये त्या दिवसांत पाठ्यपुस्तके येतात, गणवेशाची मापे घेतली जातात, पहिलीतल्या मुलांच्या हाती फुले दिली जातात. पुढे ‘यू-डायस’ या शाळांच्या सरकारी नोंदणीत माहिती भरताना विशेष गरजा असलेली मुले किती, रॅम्प आहे का, रॅम्पला कठडा आहे का, त्यांच्यासाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, याचीही नोंद होते. नोंद व्हायलाच हवी. पण त्या मुलाच्या शेजारी जी व्यक्ती बसते, त्याला वर्गात आणते, त्याची वही उघडून देते, ती त्याच्याशी कशी वागते, हे कोणताही रकाना विचारत नाही. त्या मुलाचा शाळेतला दिवस मात्र याच गोष्टीवर चांगला किंवा वाईट जातो.

कायद्याने दार केव्हाच उघडले आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले त्यात स्पष्टपणे आली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. त्याच्या १६ व्या कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे. मुलाला लागेल तो आधार शाळेने द्यायचा आहे, आणि तो अशा वातावरणात द्यायचा आहे की त्याचा शैक्षणिक आणि सामाजिक, दोन्ही विकास जास्तीत जास्त होईल. ‘सामाजिक’ हा शब्द कायदा करणाऱ्यांनी जाणून घातला आहे. मूल वर्गात बसले पण त्याला एकही मित्र नाही, तर कायदा पाळला गेला असे म्हणता येत नाही.

आता शेजारी बसते कोण ते पाहू. मुंबई-पुण्याच्या खासगी शाळांमध्ये ‘शॅडो टीचर’ असते. तिचा पगार बहुधा आईवडील देतात. आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या गावातल्या शाळेत असे पद नाही. तिथे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याप्रमाणे दोन शिक्षक. दोघांत चार-पाच इयत्ता. मदतनीस म्हणून मानधन घेणारी बाई शाळेत असते, पण ती खिचडी शिजवायला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला दहा आणि माध्यमिकला पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदे मंजूर करण्याबद्दल पुन्हा बजावले. दरम्यान महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण केली आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्यांना त्यांत सामावून घेण्याचे ठरवले. हे पाऊल चांगलेच आहे. पण एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. विशेष शिक्षक कितीही मनापासून फिरला तरी एका शाळेच्या वाट्याला त्याचे थोडेच दिवस येणार. उरलेल्या दिवसांचे काय?

उरलेल्या दिवसांत शेजारी असते ती आई. सरकारच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, आणि मुलाला शाळेत नेणे-आणणे करणाऱ्या पालकाला तो मिळतो. ही आई मजुरीचा दिवस बुडवून व्हरांड्यात बसून राहते. आई नसेल तिथे मोठी बहीण असते, खिचडीची मावशी असते, कधी वर्गातलीच एखादी समजूतदार मुलगी असते. हे सगळे जण ते काम करतात ज्याला जगातल्या पुष्कळ देशांत स्वतंत्र पद, प्रशिक्षण आणि पगार आहे. आपल्याकडे त्यांना यातले काहीच नाही. त्यांच्याकडे माया मात्र भरपूर आहे, आणि माया असली की झाले, अशी आपली ठाम समजूत आहे.

ही समजूत चुकीची आहे. मायेने केलेली मदतही मुलाला लुळे करू शकते.

वर्गातले साधे प्रसंग घ्या. मास्तर फळ्यावर बेरीज देतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पेन्सिल धरायला वेळ लागतो, पहिला आकडा काढायला त्याहून जास्त. शेजारच्या बाईला ते बघवत नाही. ती त्याच्या हातावर हात ठेवते आणि बेरीज पूर्ण होते. वही नीटनेटकी दिसते, मास्तर बरोबरची खूण करतात, पालकसभेत वही दाखवली जाते. त्या वहीत मुलाचे काय आहे? अशा शंभर वह्या भरल्या तरी त्याला बेरीज येणार नाही. आपल्याला येत नाही म्हणून दुसरे कोणी करते, एवढेच तो शिकेल.

दुसरा प्रसंग तर रोजचा. शाळेत पाहुणे येतात, केंद्रप्रमुख येतात. मुलासमोर उभे राहून बाईंना विचारतात, “याले काही समजते का?” बाई उत्तर देतात, “नाही जी, याले काहीच समजत नाही, पण त्रास देत नाही.” मूल दोघांच्या मध्ये बसून ऐकत असते. त्याला बोलता येत नसेल. ऐकू येते, आणि आपल्याबद्दल काय बोलले गेले तेही कळते. अशा वेळी बाईंनी फक्त एवढे म्हणायला हवे, “त्यालाच विचारा ना सर, तो सांगतो.” मग त्याने मान हलवली, बोटाने दाखवले, चित्रावर हात ठेवला, तरी ते उत्तरच आहे. पाहुण्याला थांबायला लागेल, तर लागू दे.

थांबणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे. प्रश्न विचारल्यावर आपण उत्तराची क्षणभरही वाट पाहत नाही. प्रश्न पुन्हा विचारतो, मोठ्याने विचारतो, मग आपणच उत्तर देऊन टाकतो. ज्या मुलाच्या डोक्यात प्रश्न पोचायला, उत्तर जुळायला आणि ते ओठांवर यायला वेळ लागतो, त्याची प्रत्येक वेळी अर्ध्या वाटेत कोंडी होते. दुसऱ्यांदा विचारले की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा मोजावेत. ऑटिझम असलेल्या मुलाच्या बाबतीत तर समोरचा माणूस गप्प, शांत आणि एकसारखा असणे हीच अर्धी मदत. रोज त्याच शब्दांत सांगावे, वेळापत्रक बदलणार असेल तर आधी कळवावे, “माझ्या डोळ्यांत बघ” असा हट्ट धरू नये. त्याने कान झाकले तर तो उर्मटपणा करत नाही. वर्गातल्या आवाजाचा त्याला त्रास होतो आहे.

या विषयाचा अभ्यास इतरत्र पुष्कळ झाला आहे आणि त्यातला एक निष्कर्ष मदतनिसांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने पचवायला हवा. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट विद्यापीठाच्या मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वर्गात दिव्यांग मुलाला सतत चिकटून बसणारा प्रौढ मदतनीस मुलाचे काय करतो, हे त्यांनी वर्गांत बसून पाहिले. त्यांना दिसले ते असे : वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी आपली मानेनासा होतो, मूल इतर मुलांपासून तुटते, मोठ्या माणसावर विसंबून राहते, आणि आपल्या दिवसावरचा त्याचा ताबा सुटतो. वर्गमित्र जवळ यायचे तर मध्ये मोठे माणूस बसलेले, म्हणून तेही येत नाहीत. पुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या चमूने मोठा अभ्यास केला, तो २००९ मध्ये बाहेर आला. मदतनिसांचा आधार ज्यांना सर्वाधिक मिळाला ती मुले अभ्यासात तुलनेने कमी पुढे गेली होती. मुलांची आधीची पातळी आणि अडचण हिशोबात धरूनही. संशोधकांनी याचा दोष मदतनिसांना दिला नाही. त्यांना तयारीला वेळ मिळत नव्हता, शिक्षकाशी बोलायला वेळ मिळत नव्हता, आणि त्यांचे सारे लक्ष मुलाला समजण्यापेक्षा काम पुरे होण्याकडे होते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग मदतनीस नकोतच, खर्च वाचला. असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाला उचलून बाकावर बसवावे लागते, ज्याला फिट येते, ज्याला हाताने भरवावे लागते, त्याला माणूस लागतोच. तो नसेल तर ते मूल घरीच राहते. प्रश्न माणूस हवा की नको हा नाही. तो माणूस काय शिकून आला आहे, हा आहे.

मदत आणि मुलाचे स्वतःचे काम यांतली सीमा किती नाजूक असते याचा एक जुना प्रसंग आहे. हेलन केलर आणि तिची शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन यांची १८८७ मध्ये पंपाखालच्या पाण्याने सुरू झालेली कहाणी आपल्या मुलांनाही माहीत असते. त्यापुढची कमी सांगितली जाते. अकरा वर्षांच्या आतबाहेरच्या हेलनने पर्किन्स अंधशाळेच्या संचालकांना एक गोष्ट लिहून भेट दिली. ती आधी छापलेल्या दुसऱ्या गोष्टीशी फार जुळते असे निघाले. १८९२ मध्ये शाळेने एक समिती बसवली, बाईंना बाहेर पाठवले आणि त्या मुलीची एकटीची उलटतपासणी केली. हे शब्द तुझे की तुझ्या बाईंचे? त्या गोष्टीचा खरा उलगडा काहीही असो, हेलनने नंतर फार काळ आपल्या प्रत्येक वाक्याबद्दल शंका घेतली. ज्या मुलाचे बोलणे दुसऱ्याच्या हातातून जगापर्यंत पोचते, त्याच्या मदतनिसावर ही जबाबदारी कायमची असते : शब्द त्याचेच राहिले पाहिजेत.

आपल्याकडे हा प्रश्न दहावीच्या परीक्षेला उभा राहतो. दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात. नागपूर विभागीय मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्या वर्ध्याच्या मुलालाही. लेखनिकाने मुलगा सांगेल ते, तसेच, त्याच्या चुकांसकट लिहायचे. पण ज्या मुलाचे सगळे दहा वर्षे दुसऱ्याने लिहिले, त्याला सांगायची सवयच नसते. तो लेखनिकाकडे बघत बसतो. लेखनिकाला सूचना देणे हे कौशल्य तिसरी-चौथीपासून शिकवायला हवे, आणि ते शिकवू शकते ती शेजारची बाईच : “तू सांग, मी लिहिते. तू सांगितले नाहीस तर मी लिहिणार नाही.”

या सगळ्यासाठी व्हर्मॉन्टपर्यंत जायची गरज वर्धेकरांना खरे तर नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला याच गावात देशभरातले शिक्षणविचारक जमले, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीम आकाराला आली. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. तिचा गाभा असा की हाताने करायचे रोजचे काम आणि शिक्षण वेगळे नाही. सफाई, स्वयंपाक, सूतकताई हेच पाठ. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाचा हात दुसऱ्याने धरला तर सूत तुटते. शिकवणाऱ्याने जवळ बसून आपली टकळी फिरवायची, एवढेच त्याच्या हाती.

हा विचार दिव्यांग मुलाच्या शाळेतल्या दिवसाला लावून पाहा. दुपारची सुट्टी होते, मुले हात धुवायला पळतात, ताटे घेतात, रांगेत बसतात. याला मात्र मावशी जागेवरच ताट आणून देते, कालवून देते, भरवून मोकळी होते. मग स्वतः जेवायला बसते. तिचा हेतू चांगला, घाईही खरी. पण त्या अर्ध्या तासात चार पाठ बुडाले. नळापर्यंत जाणे, हात चोळणे, रांगेत शेजारच्याशी बोलणे, आणि किती वाढायचे ते सांगणे. गणिताच्या तासाइतकाच हा तास महत्त्वाचा आहे, कारण पुढचे आयुष्यभर त्याला हेच लागणार आहे. सदऱ्याचे बटण लावायला त्याला दहा मिनिटे लागत असतील तर त्या दहा मिनिटांचा तास धरावा. शेवटचे एक बटण त्याने लावावे, बाकीची बाईंनी. पुढच्या महिन्यात शेवटची दोन त्याची. विशेष शिक्षक हे तंत्र जाणतात. खिचडीच्या मावशीला ते कोणी सांगितलेले नाही.

आणि ज्याचे हात अजिबात चालत नाहीत? त्याच्यासाठी नई तालीम थोडी पुढे न्यावी लागेल. स्वावलंबन स्नायूंत असते तसे निर्णयातही असते. स्वतःचे बटण न लावता येणारा मुलगा कोणता सदरा घालायचा हे ठरवू शकतो. खुर्ची ढकलता येत नसेल, पण खुर्ची कुणाच्या शेजारी लावायची हे तो सांगू शकतो. व्हीलचेअर त्याच्या शरीराचाच भाग आहे. न विचारता मागून येऊन ती ढकलणे म्हणजे चालत्या माणसाला दंड धरून ओढत नेण्यासारखेच. “नेऊ का?” हे दोन शब्द आधी उच्चारायचे आणि “थांब” म्हणाला तर थांबायचे. या दोन शब्दांनी त्याला जे मिळते ते रॅम्पने मिळत नाही.

सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्र्यांची कुटी अजून आहे. संस्कृतचे हे पंडित येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. कुष्ठरोग जडल्यावर १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या झोपडीजवळ जागा दिली आणि स्वतः त्यांचे अंग चोळले, जखमा धुतल्या. या प्रसंगातल्या करुणेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ते शेवटपर्यंत ‘शास्त्री’च राहिले, ‘रोगी’ झाले नाहीत. ज्याच्या जखमा आपण धुतो त्याचा मान आपल्या वागण्यातून तसूभर कमी होऊ द्यायचा नाही, हे शिकायला आश्रमाच्या अंगणात येणाऱ्या प्रत्येक सहलीला सांगावे. कुष्ठरुग्णांसाठी मनोहर दिवाणांनी उभारलेले दत्तपूर याच जिल्ह्यातले. बाबा आमट्यांचा जन्म हिंगणघाटचा. त्यांनी शेजारच्या वरोऱ्याला आनंदवनात ज्यांना समाजाने टाकून दिले होते त्यांच्या हातांना काम दिले, त्यांना भिक्षा दिली नाही. एवढा वारसा असलेल्या जिल्ह्यात दिव्यांग मुलाला “बिचारा” म्हणून हाक मारली जावी, हे खटकते.

स्वच्छतागृहाचा विषय आपण टाळतो, म्हणून तो इथे सरळ मांडतो. मुलाला लघवीला नेणे, कपडे बदलणे, मोठ्या मुलीची पाळीच्या दिवसांत काळजी घेणे, ही कामे कोण करते, कुठे करते, दार बंद असते का, याला प्रत्येक शाळेत ठरलेला नियम हवा. मुलींसाठी बाईच. काय करणार आहे ते आधी सांगून मगच हात लावायचा, मुलाला समजत नाही असे वाटले तरी सांगायचे. वर्गात सगळ्यांसमोर “याने चड्डी ओली केली” असे ओरडायचे नाही. कारण अब्रू मुलालाही असते, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलालाही असते. आणि दुसरे : आपल्या अंगाला कोण, का हात लावतो हे ज्या मुलाला कधीच विचारले गेले नाही, त्याला चुकीचा हात ओळखता येत नाही, नकारही देता येत नाही. अशा मुलांवर अत्याचार करणे सोपे जाते ते याचमुळे.

विदर्भापुरता आणखी एक मुद्दा, तोही फार महत्त्वाचा. २०१६ च्या कायद्याच्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे, आणि सिकलसेलची मुले आपल्या भागातल्या शाळाशाळांत आहेत. ती चालतात, बोलतात, लिहितात. त्यांच्याकडे पाहून काही कळत नाही. दुखणे आले की हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. ऊन, कडक थंडी, अंगातले पाणी कमी होणे, दमणूक यांनी ते उसळते. वर्ध्याचा उन्हाळा आपण जाणतो. अशा मुलाला हवी असलेली मदत बिनखर्चाची आहे : पाण्याची बाटली सतत जवळ ठेवू देणे, वारंवार लघवीला जाऊ देणे, कवायतीत धावण्याची सक्ती न करणे, आणि दुखते म्हणाला तर विश्वास ठेवणे. “सोंग करते पोट्टं” असे एकदा वर्गासमोर म्हटले की ते मूल पुढच्या वेळी दुखणे लपवते, आणि लपवलेले दुखणे जिवावर बेतू शकते.

शेजारी बसणाऱ्याचे नाते एकट्या मुलाशी नसते. वर्गशिक्षकाशी असते, आणि तिथेच बहुतेक वेळा गाठ बसते. मदतनीस आला की शिक्षक नकळत हात झटकतो. “तुमचा मुलगा आज गडबड करतोय” असे तो आईला म्हणतो. तो मुलगा वर्गाचा आहे, पटावर आहे, शिक्षकाचा आहे. शिक्षकाने दिवसातून निदान एकदा त्याच्याशी थेट बोलावे, त्याला प्रश्न विचारावा, त्याची वही स्वतः तपासावी. मदतनिसानेही अधूनमधून उठून दुसऱ्या मुलांकडे जावे, एखाद्याची गणिते बघावीत, म्हणजे ही बाई फक्त याचीच असा शिक्का पडत नाही आणि मधल्या रिकाम्या जागेत एखादा मित्र येऊन बसतो. उद्या काय शिकवणार आहे हे शिक्षकाने पाच मिनिटांत सांगितले तर मदतनीस तयारीने येतो. इंग्लंडच्या अभ्यासात हीच पाच मिनिटे हरवलेली होती.

घराशी असलेले नातेही तसेच. ज्या आईला शाळेकडून केवळ तक्रारी ऐकायला मिळतात, ती हळूहळू फोन उचलायची बंद होते. रोज एक चांगली गोष्ट खरी असेल तर सांगावी. खरी नसेल तर उगाच गोड बोलू नये, आयांना ते लगेच कळते. आणि मुलाच्या आजाराच्या, घरातल्या भांडणाच्या, औषधाच्या गोष्टी पाण्याच्या टाकीवर किंवा पारावर बोलू नयेत. लहान गावात काहीच लपत नाही म्हणून तर मदतनिसाने तोंड अधिक सांभाळायचे.

एवढी अपेक्षा कोणाकडून करतो आहोत, हा प्रश्न रास्त आहे. जिला कोणी पद देत नाही, जिचा भत्ता मागाहून येतो, तिच्याकडून संयम, अदब, निरीक्षण आणि गुप्तता मागायची? मागायचीच, पण आधी तिला काही देऊन. या कामाला कौशल्य लागते हे मान्य करणे म्हणजेच त्याला मोल आहे हे मान्य करणे. जोवर आपण ते नुसते मायेचे काम म्हणत राहू, तोवर ते फुकटात किंवा भत्त्यात निभावले जाईल, आणि ते बहुतांशी बायकांच्याच अंगावर पडेल. पद निर्माण करणे राज्याच्या हाती आहे आणि त्यासाठी भांडत राहिले पाहिजे.

प्रशिक्षण मात्र जिल्ह्याच्या हाती आहे. २०१६ च्या कायद्याचे १७ वे कलम शिक्षकांबरोबर समावेशक शिक्षणाला आधार देणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही जबाबदारी सरकारवर टाकते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, विशेष शिक्षक आहेत, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे, नई तालीमची शाळा आहे. एवढी माणसे एकाच जिल्ह्यात क्वचित मिळतात. वर्धा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आमचे सांगणे असे की आठही तालुक्यांत आया, खिचडीच्या मावश्या, मोठ्या बहिणी आणि वर्गशिक्षक यांना एकत्र बसवून दरवर्षी शाळा उघडण्याआधी प्रशिक्षण द्यावे. आलेल्या बायकांना त्या दिवसांची मजुरी द्यावी. आणि शिकवायला केवळ तज्ज्ञ न बोलावता याच जिल्ह्यातल्या शाळांतून शिकून मोठे झालेले अंध, कर्णबधिर, व्हीलचेअर वापरणारे तरुण बोलवावेत. शेजारी बसणाऱ्याने काय केले तेव्हा बरे वाटले आणि काय केले तेव्हा लाज वाटली, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. पुढच्या जूनच्या आत हे सुरू व्हावे.